तिसऱ्या मजल्यावरची चादर

चार दिवसांसाठी टोकियोला जायचं ठरलंय. लेक तिथे नोकरी करते. आमची ही वहीत देवळं, बाजार, मनोरे लिहून काढतेय आणि मी मोबाइलच्या नकाशात लेकीची गल्ली धुंडाळतोय.

रस्त्याच्या फोटोत तिची इमारत सापडली. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर लाल सोलापुरी चादर वाळत होती, आम्हीच दिलेली. एवढं अफाट शहर, पण माझ्यापुरतं ते त्या चादरीएवढंच उरलं.

इथे असताना लेकीने कधी अंथरूण आवरलं नाही. ती कॉलेजला पळायची, चादरीची घडी मी घालायचो. कुरकुरत घालायचो.

"पहिल्या दिवशी काय बघायचं?" हिने विचारलं.

"तिचं घर," मी म्हटलं. "आणि तिला सांग, त्या दिवशी अंथरूण आवरू नकोस."