करंगळीनं बघितलेली धार

थंडी अशी कडाक्याची, की नळाखाली हात धरला तर बोटं झडून पडावीत. धारवाल्याच्या सुनेनं बादली भरली, दुकानात आणली, सहाणेच्या चाकावर पाणी सोडलं आणि मोटार चालू केली. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं त्या चाकापुढचं स्टूल तिचं होतं. मागच्या खाटेवर सासरे पडून असत आणि पडल्या पडल्या खेकसत.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शिंपी मास्तर. त्यानं कापडाची मोठी कात्री टेबलावर आदळली.

"वहिनी, धार लावायला दिली होती, खायला नव्हे! पातं बघा, पार काडी झालीय."

तिनं बघितलं. खरंच होतं. दोन महिने ती पात्यावरून अंगठा फिरवायची, अंगठा म्हणायचा बोथट, की पुन्हा पातं चाकाला. अंगठा धडधडीत खोटं बोलत होता.

"पोलाद नरम होतं," ती म्हणाली.

"पोलाद नरम आणि तोंड कडक! जवळपास दुसरा धारवाला असता ना, तर इकडे थुंकायलाही आलो नसतो. ही दुसरी ठेवतो. संध्याकाळी हिचीही काडी झाली, तर आपला राम राम."

तो गेला तशी खाट कुरकुरली.

"उद्यापासून धाकटा बसेल चाकावर," सासरे म्हणाले. "तू आत भांडी घास."

धाकट्या दिराला सुरी कुठल्या बाजूनं धरतात हेही धड ठाऊक नव्हतं.

"मामंजी, माझा हात बधिर झालाय. लागलेलं कळत नाही. आणि काही न लावता नुसती आग आग होते."

"एक काय ते ठरव! बधिर आहे की दुखतोय? सोंगच करायचं तर आधी नीट पाठ तरी करावं!"

हे तिला झोंबलं, कारण हाच प्रश्न तिलाही पडला होता. दुपारी शटर ओढून ती तडक दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला लावले. आधी कापसाचा बोळा, मग टाचणी. अंगठ्याला काही नाही. त्याच्या पुढच्या दोन बोटांना, जाड गोधडीतून कुणी टोचावं तसं. अनामिकेची मात्र गंमत झाली. अंगठ्याकडची बाजू मेलेली, दुसरी जिवंत. करंगळीला टाचणी लागली तशी ती "आई गं!" करून उडालीच.

"मनगटात अरुंद बोगदा असतो," बाई म्हणाल्या. "त्यातून जाणारी नस साडेतीन बोटांची. नऊ वर्षं मूठ आवळून आणि चाकाची थरथर सोसून ती चिमटलीय. स्पर्शाचा निरोप पुढे जात नाही, आणि दुखावलेली नस आगीचे खोटे निरोप धाडत बसते. करंगळीची नस दुसऱ्या वाटेनं जाते."

"म्हणजे सोंग नाही?"

"अर्ध्या बोटाचं सोंग कुणाला जमतं? पण उशीर केलात तर अंगठ्याखालचा मांसल भाग सुकत जाईल. पुढच्या आठवड्यात छोटं ऑपरेशन करू."

परत येऊन तिनं मास्तरची दुसरी कात्री चाकाला लावली, अगदी अलगद, आणि पात्यावर करंगळी ठेवली. सासरे ताडकन उठून बसले.

"हे काय? धार अंगठ्यानं बघतात! करंगळी कशाला वर करतेस? मोरी मागे आहे!"

"मोरीला जायचं तर तुम्ही जा, मामंजी. मला काम करू द्या."

करंगळी पात्यावर अडकली, बारीक कापली. रक्ताचा थेंब आला आणि चरचरलं. धार झाली होती. तिनं मोटार बंद केली.

संध्याकाळी मास्तरनं खिशातून चिंधी काढली. कात्री तिच्यातून सरसर कापत गेली.

"ही ठीक आहे. पहिलीचं काय?"

"ती मीच बिघडवली. अंगठा मेलाय माझा. लपवून ठेवलं."

"मग सकाळी पोलादाला कशाला नावं ठेवलीत?" मास्तर फणकारला आणि दोन्ही कात्र्या उचलून चालता झाला.

ती खाटेकडे वळली. "माझं ऑपरेशन आहे. दुकान महिनाभर बंद. भाऊजींना बसवायचंच असेल तर बसवा, पण मास्तरच्या पुढे तुम्ही उभं राहायचं."

सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पाठमोरेच गुरगुरले, "बंदच ठेव मग. ऐकतेस कुणाचं?"

ती अंगणात गेली. दोरीवरचा सासऱ्यांचा सदरा सुकला की नाही ते हाताला कळेना, म्हणून तिनं गालाला लावून बघितला. दमट होता. तिनं तो झटकून पुन्हा दोरीवर टाकला.