घड्याळजींची पूर्व

आमच्या हाडांच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरना सगळे ‘होकायंत्र’ म्हणतात. नव्याने आलेल्यांना ते कौतुक वाटतं. ते कौतुक नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्यांच्या हाताखालची नर्स म्हणून ते नाव मीच ठेवलं.

या सिस्टरबाईंच्या नोकरीला तीस वर्षं झाली. स्वतः त्यांनी देवापुढे कधी हात जोडले नाहीत. सासूबाई त्यावरून अजून टोमणे मारतात. पण बाईंच्या खिशातल्या वहीत प्रत्येक पेशंटचं टिपलेलं असतं. कोणाचा उपास आहे, कोणाचं अंग पुसायला बाईमाणूसच लागतं, कोणाच्या मनगटावरचा दोरा कापायचा नाही. मी कुरकुर केली की म्हणतात, आपण त्यांचे कपडेसुद्धा काढून घेतो, एवढं तरी राहू दे त्यांच्याकडे.

एक म्हातारे घड्याळजी खुब्याचं हाड मोडून आले. पायाला वजन लावलेलं, नुसते उताणे पडून. सकाळी पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना केल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात घास खाल्ला नव्हता, आणि समोर तर कोरी भिंत. पहिल्या दिवशी त्यांनी ना जेवण घेतलं ना गोळ्या. असंच चाललं तर ऑपरेशन लांबणार, आणि त्या वयात लांबलं की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. बाईंनी दोन मदतनीस बोलावले, वजन स्वतः धरलं आणि अख्खा पलंग खिडकीकडे फिरवला. सकाळी तिथून लख्ख ऊन यायचं, म्हणून हीच पूर्व, असं त्यांनी आजोबांना सांगितलं. आजोबा जेवायला लागले. ऑपरेशन झालं की पुन्हा चालाल, असं बाई त्यांना रोज सांगायच्या.

सातव्या दिवशी ऑपरेशन होतं. सकाळची प्रार्थना झाली की कागदावर सही करतो, असं आजोबांनी सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी बाई कधी नव्हे ते माझ्याबरोबर मागच्या जिन्याने आल्या आणि मध्येच थबकल्या. सूर्य त्या कोऱ्या भिंतीच्या बाजूने वर येत होता. खिडकीतलं ऊन समोरच्या इमारतीच्या काचांवरून परतून यायचं. आजोबा पाच दिवस पश्चिमेला हात जोडत होते, आणि पलंग मुळात बरोबरच होता! मला हसू आवरेना.

मग म्हटलं, बाई, गप्प बसा, झाकली मूठ सव्वा लाखाची. आजोबा बिथरले आणि सही करणार नाही म्हणाले तर? डॉक्टर उद्यापासून पंधरा दिवस रजेवर आहेत.

“त्यांना उठून बघता येत नाही गं,” बाई म्हणाल्या. “त्यांनी माझ्या शब्दावर पूर्व मानली.”

त्यांनी जाऊन सगळं सांगून टाकलं.    आजोबांनी एवढंच सांगितलं, की फिरवा.

पलंग पुन्हा भिंतीकडे वळला. दारात स्ट्रेचर येऊन थांबलं, ऑपरेशन थिएटरमधून दोनदा फोन आला. बाई दार अडवून उभ्या राहिल्या. आजोबा पाच दिवसांची प्रार्थना एकदम करत असावेत, इतका वेळ लागला.

डोळे उघडून त्यांनी विचारलं, “भूल दिल्यावर माझं तोंड कुठे असेल ते मला कळायचं नाही. तुम्ही पूर्वेकडे ठेवाल?”

हो म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? मी बाईंना डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. त्याची मला अजून लाज वाटते.

“नाही, आजोबा,” बाई म्हणाल्या. “तिथलं टेबल फिरवता येत नाही. आणि मी आत नसणार.”

आजोबांनी मान हलवली.

“मग पुन्हा चालाल म्हणालात, तेही खरंच असणार,” ते म्हणाले, आणि पेनासाठी हात पुढे केला.