परसातला माचा

आमच्या पोलादपूरकडच्या घरात वीज यायला अजून अवकाश होता, तेव्हाची गोष्ट. बाबा मुंबईच्या गिरणीतून कंबर मोडून घरी आले आणि माजघराच्या अंधारात पडून राहिले. त्यांचं मागणं एकच. परसात माचा करा, तिथून खाचरं दिसतील, घाटातली एसटी दिसेल. "पण बसेन तो एकटा. कुणी धरायचं नाय."

काकांनी आणि मी ऐनाचे चार खांब पुरले, खड्ड्यात खडी घालून धुमसाने ठोकली, वर फळ्या मारल्या. बाबांना बसवलं. घटकाभरात न्हाणीकडचा कोपरा खचला आणि बाबा कलंडले. मी धरलं म्हणून वाचले.

उपटा, खणा, ठोका. पुन्हा तोच खांब! माझं डोकंच फिरलं. "काका, तुम्हाला साधा खांब रोवता येत नाय?" म्हणत मी त्यांना वाट्टेल ते बोलले. काका म्हणाले, "जागेला मान दिला नाय गो, नारळ देऊ." दिला. दोन दिवसांत खांब आणखी चार बोटं खाली. शेजाऱ्यांचे सल्ले तर विचारूच नका. जन्मात खुंटी न ठोकलेला माणूसही खांब हलवून बघायचा आणि मान डोलवून जायचा. मेला तो माचा! तोवर बाबा बसले की समोरच्या कोपऱ्यावर वजनाला मी, धोंड्यासारखी.

एका सकाळी बाबांची आंघोळ उरकून परसात गेले, तर न्हाणीचं पाणी त्याच खांबाच्या बुडाशी मुरत होतं. न्हाणीचं पाणी केळीला सोडायचं ही आमच्याकडची रीतच. पण बाबांना आवडतात म्हणून तिथे नवी केळ लावली होती मी, आणि पाट वळवला होता तोही मीच! रोज खांब भिजवत होतो आणि नारळ देत होतो जागेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांपुढे कान धरले. ते एवढंच म्हणाले, "आता खण."

केळ उपटली, पाट फिरवला, मुरूम लागेपर्यंत खणून खाली जांभ्याचा चिरा बसवला. आठ दिवसांनी बाबांना बसवलं. माचा तसूभर हलला नाही. सवयीने मी समोरच्या कोपऱ्यावर बसायला गेले.

"तू कशाला गो?" बाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "जा, तुझं काम बघ."

हेच तर हवं होतं त्यांना. मी आत गेले. महिनाभर ज्या माच्याला शिव्या घातल्या, त्यावरची माझी जागा गेली म्हणून चुलीपुढे बसून ढसाढसा रडले.