अर्ध्या नारळाचा माळ

खोरवाडीतल्या कृष्णात नाईकाशी बोलायचं तर आधी त्याची उजवी बाजू गाठावी लागे. नाईक हे काही त्याचं आडनाव नव्हे, आडनाव जाधव. नाईक हा पलटणीतला हुद्दा, आणि पेन्शनीबरोबर तो त्याच्या नावाला चिकटून गावी आला होता. डावा कान मात्र आला नाही. तोफखान्यात उमेदीची वर्षं तोफेच्या शेजारी काढल्यावर तो कुठल्यातरी डोंगरात राहून गेला. पण गडी असा बेरकी, की गेलेल्या कानाचाही त्यानं उपयोग करून घेतला. सोसायटीच्या निवडणुकीत कुणी मत मागायला आला, की नाईक सावकाश मान वळवून डावा कान पुढं करी आणि अगदी गरीब चेहऱ्यानं विचारी, "काय म्हनला?" समोरचा दोन-तीनदा ओरडून दमे आणि घरची वाट धरी.

"खोटं बहिरं लय बघितलं," त्याची बायको रंगूबाई म्हणायची, "पर ह्येला तर सरकारनंच दाखला दिलाय."

हा माणूस वर्षातून एकदाच दोन्ही कानांनी जगायचा. दसऱ्याला. विट्याच्या अलीकडं, येरळेच्या काठी असलेल्या या गावातून घरटी एक माणूस पलटणीत, आणि दसऱ्याला निम्मे तरी रजेवर आलेले. त्या दिवशी माळावर नेमबाजीची शर्यत लागे. पिकाच्या राखणीसाठी लायसन काढलेल्या दोन ठासणीच्या बंदुका, समोर बांबूला टांगलेला नारळ, आणि ज्याच्या गोळीनं नारळ फुटेल त्याला फेटा. एवढंच. पण त्या फेट्यासाठी सुभेदार आणि शिपाई एकमेकांशी वर्षभर अबोला धरत.

शर्यत त्याच माळावर व्हायची, कारण दुसरीकडं होणं शक्यच नव्हतं. गावात कुठंही बंदूक रोखा, पुढं कुणाचा तरी जोंधळा, वस्ती नाहीतर वाट. माळाच्या मागं मात्र उभा कातळाचा डोंगर. चुकलेली गोळी त्याच्यात जाऊन बसे आणि कुणाच्या म्हशीलाही धक्का लागत नसे. हा माळ मानसिंगरावांचा. त्यांनी कधी भाडं म्हणून पैसा घेतला नाही. फुटलेल्या नारळाचं अर्धं भकल त्यांच्या घरी पोचवायचं, हाच रिवाज. त्याची चटणी व्हायची. एकदा त्या चटणीत शिसं दाताखाली आलं, दाढेचा तुकडा उडाला, तरी म्हातारा दुसऱ्या दिवशी चावडीवर ती दाढ दाखवत हसत बसला होता. अशी माणसं जातात आणि मागं त्यांचे सातबारे राहतात.

दुसरा रिवाज नाईकानं घातला होता. पासष्टच्या लढाईत गावचा अर्जुना कामी आला. पुढल्या दसऱ्याला नाईकानं बंदूक उचलली आणि ती सरळ अर्जुनाच्या बापाच्या हातात दिली. म्हाताऱ्याचा बार डोंगरात गेला, पण त्या दिवसापासून ठरलं: पहिला बार गेलेल्या गड्याच्या घरचा. तो होईपर्यंत कुणी हुद्देदार का असेना, बंदुकीला हात लावायचा नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात अख्तरबीचा रमजान गेला. अख्तरबी पिंजारणी. नवरा वारल्यावर गावाच्या गाद्या तिनंच पिंजल्या आणि पोराला वाढवलं. पहिल्या दसऱ्याला नाईक तिच्या दारात गेला, तर ती म्हणाली, "औंदा न्हाई, भाऊ. औंदा बंदूक बघवत न्हाई. म्होरल्या साली मी सोता येईन." त्या साली पहिला बार अर्जुनाच्या बापानंच काढला. पण अख्तरबी नुसतं बोलून थांबली नाही. दुष्काळाचं ते वर्ष सरलं, तसं ती नाईकाच्या अंगणात यायला लागली. रिकामी बंदूक खांद्याला लावायची, समोरच्या लिंबाच्या गाठीवर नेम धरायचा. कापसावर धनुकली मारून कमावलेले दंड; नळी जरा म्हणून हलत नसे. नाईक तिला शिकवताना कधी आवाज चढवत नसे, आणि रंगूबाईला तेवढ्याचंच नवल वाटे.

त्र्याहत्तरचा दसरा जवळ आला आणि मध्ये लालासाहेब उभे राहिले.

लालासाहेब हे मानसिंगरावांचे चिरंजीव. परमुलखात गलाईचं दुकान टाकून चांगले गब्बर झालेले. सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, जाळायचा, धुवायचा आणि त्यातून सोनं काढायचं, हा त्यांचा धंदा. ज्याला केरातसुद्धा भाव दिसतो, त्याला बापाचा माळ रिकामा कसा दिसावा? बाप गेल्यावर ते गावी आले आणि पहिल्या वर्षी नारळाच्या जोडीला थोडं भाडं मागितलं. नाईकानं कुरकुरत दिलं. दुसऱ्या वर्षी दुप्पट झालं. यंदा तंबूचा सिनेमावाला माळ बघून गेला होता, आणि लालासाहेबांनी सांगितलं, की त्याच्या दरानं देत असाल तर दसऱ्याचा दिवस तुमचा.

"नाईक, धंद्यात भावना आणून चालत नाही," ते म्हणाले.

नाईकाचा उजवा कान नेमका त्यांच्याकडं होता, त्यामुळं ऐकू आलं.

चावडीवर माणसं जमली. वर्गणी काढू म्हणाली. रजेवर आलेली पोरं खिशात हात घालायला लागली. रक्कम जमली असती, खोटं कशाला बोला. पण नाईकाच्या कपाळाची शीर तडतडत होती. यंदा दिलं तर पुढल्या वर्षी हा आणखी वाढवणार, आणि गेलेल्या पोरांच्या नावाचा बार दरसाल बोलीवर चढणार. त्याच्या मनानं कवाच ठरवलं होतं: द्यायचं नाही. अडत होतं ते एका ठिकाणी. अख्तरबीला काय सांगायचं? इतके महिने लिंबाच्या गाठीवर नेम धरणाऱ्या बाईला 'तुझा बार नाही' म्हणायला जीभ रेटेना. तोफेला न भ्यालेला माणूस तिच्या दाराशी येऊन दोनदा माघारी फिरला.

तिसऱ्यांदा तिनंच हाक मारली. "या आत, भाऊ. सारं कळलंय मला."

"भाबी, तुमी म्हनाल तर देतो पैसं," नाईक खाली बघत म्हणाला. "तुमचा बार हाय. माझा हट्ट तुमच्या आड याया नको."

अख्तरबीनं धनुकली भिंतीला टेकवली. अंगावरचा कापूस झटकला. "माझा रमजान जितं हुबा ऱ्हायला, तितं त्येनं इचारलं व्हतं का ह्या जाग्याचं भाडं किती म्हनून? आनि मी त्येच्या नावाचा बार भाड्याच्या जाग्यावर काढू? न्हाई जमायचं. रद्द करा."

"रद्द?"

"व्हय, रद्द. पर नारळाचा रिवाज मोडायचा न्हाई. अर्धा मानसिंगरावांच्या घरी जातोय. औंदा फुटनारच न्हाई, तर अक्खा जाऊ दे. मी नेते."

नाईक बाहेर आला तो ताठ होऊन. लालासाहेबांना त्यानं त्याच दिवशी सांगून टाकलं, की माळ खुशाल सिनेमाला द्या. मास्तरांनी चावडीच्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'काही अपरिहार्य कारणामुळे यंदाची नेमबाजी रद्द.' नाईकानं डोक्यावरची टोपी काढली आणि तिनंच फळा पुसला.

"मास्तर, अपरिहार्य म्हंजी काय, पटकी आली का गावात? कारन लिवा. माळाचं भाडं वाढवल्यामुळं रद्द, असं लिवा. वाढवलं कुनी ते लिवू नगा, गावाला ठावं हाय."

मास्तरांनी घाम पुसत लिहिलं. जोतीराम कोतवालानं दवंडीही तशीच दिली, आणि लालासाहेबांच्या बोळात जरा जास्त वेळ दिली. तेवढं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला माळावर सिनेमाचा तंबू उभा होता. सीमोल्लंघन झालं, आपट्याची पानं वाटली गेली, आणि गाव रिवाजाप्रमाणं सोनं द्यायला घरोघर फिरायला लागलं. लालासाहेबांच्या दारात माणसं आली तेव्हा सगळ्यांच्या पुढं अख्तरबी होती. पदराखाली नारळ. तिच्या मागं नाईक, खांद्याला रिकामी बंदूक. आणि त्याच्या मागं रजेवरची सगळी पोरं, प्रत्येकाच्या हातात एकेक नारळ. हे नाईकालाही माहीत नव्हतं. त्यानं वळून बघितलं आणि बंदूक खांद्यावर नीट केली.

अख्तरबीनं नारळ उंबऱ्यावर ठेवला. लालासाहेबांच्या आई, साळूबाई, आतून आल्या. सत्तरी ओलांडलेल्या. मुलाच्या व्यवहाराची त्यांना खबर नव्हती. दवंडी अलीकडं त्यांना नीट ऐकू येत नसे आणि घरात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी नारळ हातात घेऊन फिरवून बघितला.

"अक्खा कसा गं, अख्तरबी? अर्धा असतोय की. चटनीला पाटा मांडून बसलीया मी. बार झाला न्हवं तुजा?"

"न्हाई झाला, वैनी. औंदा तुमचा माळ आमाला मिळाला न्हाई."

पोरं एकेक करून पुढं आली. उंबऱ्यावर नारळांची रास लागली. कुणी वाकडा शब्द बोललं नाही, उलट पानं देऊन प्रत्येकजण लालासाहेबांच्या पायाही पडला. साळूबाईंनी मुलाकडं बघितलं. मग हातातला नारळ त्या राशीवर ठेवून त्या आत गेल्या, आणि आतून पाटा उचलून ठेवल्याचा आवाज आला.

लालासाहेब उंबऱ्यावरची रास ओलांडायला गेले, ती ओलांडता येईना, म्हणून आतूनच म्हणाले, "नाईक, असं काय करता? पुढच्या वर्षी निम्म्या भाड्यात देतो. तुमच्यासाठी म्हणून."

नाईकानं सावकाश मान वळवली. डावा कान पुढं केला. चेहरा अगदी गरीब.

"काय म्हनला?"

"निम्म्यात देतो म्हटलं!"

"आं?"

"निम्म्यात! निम्म्या भाड्यात!" लालासाहेब सगळ्या गावासमोर ओरडले.

मागची पोरं ओठ दाबून उभी होती. नाईक तसाच कान लावून थांबला, जणू फार लांबून काही येतंय आणि ते पोचत नाही.

तेवढ्यात उजव्या बाजूनं अख्तरबी अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "चला भाऊ, लिंबाखाली जाऊ. नेम मोडाया नको."

"चला, भाबी," नाईक म्हणाला, आणि खांद्यावरची बंदूक काढून त्यानं तिच्या हातात दिली.