चोर की थोर

आमच्याकडे बोंब उठली होती की आत्याने कुरणवाल्याचे दात हातोड्याने पाडले. साफ खोटं! हातोडा त्याच्याच हातात होता.

आत्या माती तपासते. जंगल तोडून कुरण केलं की मातीतला कार्बन किती घटतो, हे तिला मोजायचं होतं. उरलेल्या जंगलातली माती तिने घेतली होती. कुरणात ती लोखंडी नळी ठोकत होती, तेवढ्यात मालक धावून आला.

"ए बाई, माझी माती चोरतेस?"

त्याने हातोडा हिसकावून तिच्या मनगटावर हाणला. हाड कडकन मोडलं. मग तो मातीने भरलेली नळी जमिनीतून उपसून ओढू लागला. आत्याने ती दुसऱ्या हाताने धरून दोन झटके सोसले आणि तिसऱ्याला नळी सोडूनच दिली. नळी त्याच्याच थोबाडावर बसली. पुढचे दोन दात गेले. रक्त थुंकत तो "चोर, चोर" ओरडायला गेला, पण तोंडातून निघालं, "थोर! थोर!" आत्या मातीसकट नळी काखेत मारून पसार झाली.

कुरणाची माती चांगली काळी होती. मी पैज लावली, "कार्बन हिच्यातच जास्त."

प्लास्टरातल्या हाताने आत्याने दोन्हीकडची माती चाळली, वाळवली, सारखी तोलली आणि भट्टीत जाळली. कार्बन जळून उडतो, तेवढं वजन घटतं. जंगलाची माती कुरणाच्या दुपटीने घटली, म्हणजे कार्बन तिच्यातच जास्त.

पैजेप्रमाणे आता महिनाभर रोज सकाळी मी तिच्यासमोर उभं राहून, ओठ आत दुमडून म्हणायचं, "थोर! थोर!"