सावकाश इंग्रजीचं गाऱ्हाणं

आचऱ्याला जायला कोल्हापुरातून सकाळच्या एसटीत बसले, तेव्हा पिशवीत दोन साड्या, खोकल्याचं औषध आणि तोंडात टाकायला खडीसाखर एवढंच होतं. समुद्र बघायला मी निघाले नव्हते. माझा धंदा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा. आचऱ्याची सायली, पेशाने नर्स, माझ्याकडे फोनवर शिकत होती. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलने तिला नोकरी देऊ केली होती. फक्त इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास व्हायला हवी होती. एकदा ती नापास झाली होती. या खेपेलाही गडबड झाली, तर ती जागा दुसरीला जाणार. फोनवर आवाज तुटायचा, त्यामुळे तिचं नेमकं काय बिघडतंय ते कळेना. शेवटी म्हटलं, जाऊनच बघू. मला मेलीला कुठलीही गोष्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

फोंडा घाट उतरून कणकवली आणि तिथून आचऱ्याची गाडी. "तिठ्यावर उतरा," असं सायलीने बजावलं होतं. तिठा (तीन रस्ते मिळतात ती जागा) दिसला आणि मी उतरले. गाडी निघून गेल्यावर समजलं की या रस्त्याला तिठे पुष्कळ आहेत. टपरीवाल्या बाईंनी विचारलं, "खंय जावचा आसा तुमका?" (कुठे जायचंय तुम्हाला?) मी सांगितलं. "मगे हंय कित्याक उतरलात?" (मग इथे कशाला उतरलात?) त्यांनी स्टूल दिलं, कोकम सरबत दिलं आणि पुढची गाडी येईपर्यंत माझं माहेर, सासर, मुलंबाळं सगळं विचारून घेतलं. चौकसपणात मला तोडीस तोड बाई भेटली, त्यामुळे वेळ मजेत गेला.

सायलीच्या घरी मायलेकी दोघीच. वडील ती शाळेत असतानाच गेले. घराला लागून माडांची बाग, तिच्यापलीकडे समुद्राची गाज. दुसऱ्या दिवशी सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी खाऊन आम्ही खळ्यात (अंगणात) बसलो. आई उन्हात घातलेलं भात पायाने फिरवत होती.

"आता तुझ्या गावाविषयी बोल," मी सायलीला म्हटलं.

ती सुटली ती सुटलीच. उच्चार एकेकटे वाईट नव्हते, पण वेगापायी शब्दांची शेपटं गळत होती आणि दोन वाक्यांच्या मध्ये श्वासालाही जागा नव्हती.

"अगं, कुणी पाठीमागे लागलंय का तुझ्या?"

"बाई, चांगलं इंग्रजी म्हणजे फास्टच ना?" ती म्हणाली. मोबाइलवर ऐकून ऐकून तिने हा वेग कमावला होता. आई कौतुकाने म्हणाली, "आमच्या वाडीत सगळे म्हणतत, सायलीचा इंग्रजी लय बरा. एक शबूद कळणा नाय!"

मी तिला थांबायला सांगून दमले. ती थांबायची, पण ठेच लागल्यासारखी, कुठेही. किनाऱ्यावर फिरताना सांगितलं, खाडीच्या पुलावर सांगितलं. मला तर राग येऊ लागला होता, आणि परीक्षा येऊन ठेपली होती.

त्याच सुमारास सायलीच्या मोठ्या काकांनी, आबांनी, देवळात नारळ ठेवायचं ठरवलं. इथे कुठल्याही मोठ्या कामाआधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात. म्हणजे देवासमोर उभं राहून आपलं मागणं मोठ्याने, स्पष्ट सांगायचं, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून दुजोरा द्यायचा. मी कुतूहलाने पुढेच जाऊन उभी राहिले.

आबांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझा लेकरू परीक्षेक बसता आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या जिभेर इंग्रजी झरझर धावांदेत!"

"थांबा, थांबा!" माझ्या तोंडून निघून गेलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. गाऱ्हाण्यात तोंड घालणारी बाई बहुधा त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. सायलीने डोळे मिटून घेतले.

"काय झाला, बाई?" आबांनी विचारलं.

"झरझर नको, आबा. सावकाश मागा. झरझर बोलते म्हणूनच ती नापास झाली."

आबा विचारात पडले. मागितलेलं परत कसं घ्यायचं? गुरवाशी कुजबुज झाली, दुसरा नारळ आला. मग आबा पुन्हा खणखणीत आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आदीचा मागणा आमचा चुकला! आता सावकाश दी!" सगळे हसत हसत "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी मात्र आबांचं ऐकत होते. एक मागणं पुरं करायचं, दुजोऱ्याची वाट बघायची, मगच पुढचं. मला हवं होतं ते हेच.

घरी आल्यावर नियम केला. सायलीने इंग्रजीत एक वाक्य बोलायचं. आई आणि मी "व्हय म्हाराजा" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. शेवट खाल्ला तर दुजोरा नाही. आईला त्यात भारी गंमत वाटली. भात फिरवता फिरवता ती लेकीला अडवून धरायची. पहिल्यांदा सायली चिडली, मग हसायला लागली, आणि हळूहळू तिची वाक्यं ऐकणाऱ्याकडे बघून संपायला लागली. शब्दांची शेपटंही परत आली.

परीक्षा पणजीला होती. सावंतवाडीवरून आम्ही तिघी गेलो. सायली आत, आम्ही दोघी बाहेर बाकावर. बाहेर आल्यावर सायली म्हणाली, "बाई, दर वाक्याला थांबले. कुणीच काही म्हणेना, एकदम सुनं सुनं वाटलं. पण थांबले."

मी तिथूनच कोल्हापूरची गाडी धरली. पुढे निकालाचा फोन आला तो आईचा.

"बाई, माजा चेडू (लेक) पास झाला!" मी आनंदाने काहीबाही बोलत सुटले. तिने माझं बोलणं संपू दिलं. मग हळूच म्हणाली, "बाई, माका थोडा इंग्रजी शिकवशात?"

"तुम्हाला? कशाला?"

"तिकडे फोन कोणी दुसऱ्यान उचलल्यान तर 'माजा सायली आसा काय?' इतक्या तरी माका इचारूक येवक व्हया ना?" (इतकं तरी मला विचारता यायला हवं ना?)

इतकी वर्षं मी शिकवते, पण माझ्याकडे आली ती सगळी जाणारी माणसं. घरी राहणारं कुणी शिकायला आलं नव्हतं, आणि मलाही ते कधी सुचलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि फोनवरच तिला ते एक वाक्य सांगितलं. तिने ते म्हटलं, परत म्हटलं. मग म्हणाली, "आता तुमी तिकडचे जावा (व्हा). मी इचारतंय."

मी तिकडची झाले. तिने विचारलं. मी आधी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि मग सायली घरातच आहे, हे इंग्रजीत सावकाश सांगितलं.