नवव्या अध्यायातलं मोरपीस

जुने, चामडी बांधणीचे आख्यानकाव्यांचे ग्रंथ मी जमवतो. बायको त्याला खूळ म्हणते आणि तिचं काही चुकत नाही. चामड्याला देवघरात जागा नसते, त्यामुळे वऱ्हाडातल्या घरांतून हे ग्रंथ कपाटावर नाहीतर ट्रंकेत धूळ खात पडलेले सापडतात.

दर्यापूरच्या एका काकूंकडे असाच एक मिळाला. कडा झिजलेल्या, पाठ उसवलेली. त्यांचे यजमान निवृत्त शिक्षक. रोज दुपारी तीनला ते वेताच्या खुर्चीत बसून मोठ्याने वाचायचे आणि काकू समोर बसून दर ओवीला हुंकार द्यायच्या. वाचन अर्ध्यावर असतानाच ते गेले. खुणेचं मोरपीस नवव्या अध्यायात तसंच राहिलं. काकूंना वाचता येत नव्हतं, त्यामुळे कथेतल्या राणीचं पुढं काय झालं हे त्यांना कळलंच नाही.

"तेवढं वाचून द्या भाऊ, मंग न्या," त्या म्हणाल्या.

परतीची जीप प्रवाशांनी भरत आली होती. पुढच्या रविवारी येतो म्हणालो, ग्रंथ पिशवीत घातला आणि निघालो. चार महिने फिरकलो नाही. हावरट माणूस असाच वागतो.

मधलं पान गळालं असेल तर ते डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतं, म्हणून मी प्रत्येक ग्रंथ मोठ्याने वाचून तपासतो. अमरावतीला एका दुपारी, घरात कोणी नसताना, मोरपिसापासून सुरुवात केली. रानात भटकणारी राणी नदीपर्यंत आली. ओवी संपली आणि समोरून "हं" आलं. बाईचा, थकलेला आवाज. समोर कोणीच नव्हतं. ग्रंथ मिटला, पंखा बंद केला आणि कान देऊन बसलो. फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी ग्रंथ घेऊन दर्यापूर गाठलं. मी तोंड उघडायच्या आधीच काकू म्हणाल्या, "काल राणीले नदीवर आनून सोडलं तुमी. मी हं म्हटलं होतं ना? मंग काहून थांबले?"

भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. वेताची खुर्ची रिकामी ठेवून मी सतरंजीवर बसलो आणि पुढं वाचू लागलो. काकूंचा हुंकार दर ओवीला येत होता. राणी नदी ओलांडून घरी पोचली. शेवटची ओवी संपली, तेव्हा मात्र हुंकार आला नाही. वर पाहिलं, तर काकू खुर्चीकडे बघत होत्या.

"हा शेवटचा हुंकार त्यायले देऊ द्या," त्या हळूच म्हणाल्या.

आम्ही दोघं थांबलो.